मला ठाऊक नव्हते

सकाळी दूध तापत ठेवले की आपण शेगडीजवळ उभे राहतो. ते उतू जाऊ नये एवढीच आपली काळजी. ते कोठून आले, त्या जनावराने काय खाल्ले, वाटेत ते किती हातांतून गेले, याचा विचार त्या घाईच्या वेळी कोण करणार? आई पेला पुढे करते आणि मूल काही न विचारता तो तोंडाला लावते. दूधवाला माप पुढे करतो आणि आईही फारसे न विचारता पातेले धरते. दुधाचा सारा व्यवहार विश्वासावर चालतो. त्यामुळेच या व्यवहारात जेव्हा खोट शिरते तेव्हा सर्वांत आधी बळी जातो तो ज्याला अजून बोलताही येत नाही असा जीव.

या रविवारी आम्ही वाचकांपुढे एक प्रश्न ठेवू इच्छितो. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले आणि आपण म्हणालो, “मला ठाऊक नव्हते,” तर तेवढ्याने आपण दोषमुक्त होतो का? प्रश्न जुनाच आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी दुधाच्या निमित्ताने तो कायद्यापुढे आणि न्यायालयापुढे फार स्पष्टपणे उभा राहिला. ती हकिगत आपण सर्वांनी जाणून घेण्यासारखी आहे.

भट्टीशेजारचे गोठे

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क शहर झपाट्याने वाढत होते. आयर्लंड आणि जर्मनीतून आलेली गरीब कुटुंबे दाटीवाटीच्या चाळींत राहत होती. शहरात कुरणे उरली नव्हती, दूध मात्र हवे होते. त्याच शहरात धान्यापासून दारू गाळणाऱ्या मोठ्या भट्ट्या होत्या. दारू गाळून झाल्यावर मागे गरम, आंबूस चोथापाणी उरत असे. ते फेकून देण्यापेक्षा गायींना पाजावे अशी युक्ती निघाली. भट्टीला लागून गोठे उभे राहिले आणि पन्हळीतून तो चोथा थेट गव्हाणीत येऊ लागला. शेकडो गायी अंधारात, घाणीत, एका जागी बांधलेल्या. त्यांना ना हिरवा चारा, ना मोकळी हवा. त्यांच्या अंगावर फोड येत, दात किडत, शेपट्या सडून गळून पडत. उभे राहण्याचे त्राण संपेपर्यंत त्यांचे दूध काढले जाई.

ते दूध पातळ आणि निळसर असे. मग त्यात पाणी, आणि पाणी लपवण्यासाठी खडूची भुकटी, पीठ, रंगासाठी काकवी असे काहीबाही मिसळले जाई. गाडीवर मात्र लिहिलेले असे, ‘गावाकडचे शुद्ध दूध’.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो रॉबर्ट हार्टली या गृहस्थांनी. ते मूळचे दारूबंदीचे कार्यकर्ते. दारूच्या भट्ट्यांचा शोध घेता घेता ते शेजारच्या गोठ्यांत पोहोचले. १८४२ साली त्यांनी दुधावर एक मोठे पुस्तक लिहून हे दूध आणि शहरातील बालमृत्यू यांचा संबंध दाखवून दिला. पुस्तक निघाले, काहींनी वाचले आणि गोठे तसेच चालू राहिले.

सोळा वर्षांनी, मे १८५८ मध्ये, फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने हे प्रकरण पुन्हा उचलून धरले. त्यांनी चित्रकार गोठ्यांत पाठवले. शेपूट गळालेल्या गायींची चित्रे छापली, दुधाच्या गाड्यांचा माग काढला आणि त्या कोणत्या वस्तीत, कोणत्या दारी जातात तेही छापले. शहर हादरले. चौकशीसाठी नगरसेवकांची समिती नेमली गेली. समितीने गोठे पाहिले, साक्षी घेतल्या आणि बहुमताने निष्कर्ष काढला की या दुधात घातक असे काही नाही, गोठ्यांत हवा थोडी अधिक खेळती ठेवावी म्हणजे झाले! लेस्ली यांच्या साप्ताहिकाने मग एक व्यंगचित्र छापले. त्यात नगरसेवक मंडळी एका रोगट गायीला बसून चुना फासत आहेत. आपल्याकडे ‘चुना लावणे’ याचा जो अर्थ आहे तो ध्यानात घेतला तर हे चित्र आपल्यालाही समजावून सांगावे लागणार नाही.

अखेर १८६२ साली न्यूयॉर्क राज्याने अशुद्ध दुधाच्या विक्रीविरुद्ध कायदा केला. त्यात पळवाटा राहिल्या, म्हणून १८६४ साली तो सुधारून भट्टीच्या चोथ्यावर पोसलेल्या गायींचे दूध हे अशुद्धच दूध मानले जाईल असे स्पष्ट लिहावे लागले. हार्टलींच्या पुस्तकानंतर बावीस वर्षांनी! त्या बावीस वर्षांत किती पाळणे रिकामे झाले याचा नेमका हिशोब कोणीच ठेवला नाही.

दोषी कोण?

आता या साखळीतील प्रत्येकाला आपण समोर उभे करून विचारू या.

भट्टीचा मालक म्हणेल, “मी दारू गाळतो. चोथा विकत घेणाऱ्याने त्याचे काय करावे हा त्याचा प्रश्न.” गोठेवाला म्हणेल, “धान्याचाच चोथा तो. जनावर आवडीने खाते. दूध देते. मी काही विष घातले नाही.” गाडीवाला म्हणेल, “मला कॅन भरून मिळतात, मी पोहोचवतो.” नगरसेवक म्हणेल, “साक्षीदारांनी जे सांगितले त्यावरून आम्ही मत दिले.” आणि गिऱ्हाईक म्हणेल, “गाडीवर तर शुद्ध दूध असेच लिहिले होते. आणि इतक्या स्वस्त भावात दुसरे मिळते कोठे?”

प्रत्येकाच्या तोंडी शेवटी तेच उत्तर, “मला ठाऊक नव्हते.” आणि गंमत अशी की यातील काही उत्तरे खरीही असतील. सगळ्यांना थोडे थोडे ठाऊक नव्हते आणि सगळ्यांनी मिळून एक मूल दगावले.

त्याच वर्षी, म्हणजे १८५८ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरात आणखी एक घटना घडली. तेथे मिठाईवाले साखर वाचवण्यासाठी गोळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिससारखी स्वस्त भुकटी मिसळत. हे सर्रास चाले. एके दिवशी औषधाच्या दुकानातील नवशिक्या पोराने चुकून त्या भुकटीऐवजी सोमल, म्हणजे आर्सेनिक, तोलून दिले. त्या गोळ्या बाजारात विकल्या गेल्या. सुमारे वीस माणसे मेली, दोनशेहून अधिक आजारी पडली. खटला उभा राहिला, पण कोणालाही शिक्षा झाली नाही. पोराला ठाऊक नव्हते. मिठाईवाल्याला ठाऊक नव्हते. विकणाऱ्याला ठाऊक नव्हते. मुळात साखरेत भुकटी मिसळणे यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते, आणि कायद्यालाही नाही.

या घटनेनंतर इंग्लंडमध्ये १८६० साली भेसळीविरुद्ध कायदा झाला. पण त्यात विक्रेत्याने ‘जाणूनबुजून’ भेसळीचा माल विकला हे सिद्ध करण्याची अट होती. ते सिद्ध करणार कसे? माणसाच्या मनात शिरून कोण पाहणार? कायदा बहुतांशी कागदावरच राहिला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यालाही हाच अनुभव आला. तेथे १८६४ च्या दुधाच्या कायद्यातून ‘जाणूनबुजून’ हा शब्द वगळण्यात आला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. दूध भेसळीचे होते हे विक्रेत्याला ठाऊक नसले तरी तो दोषी ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. इंग्लंडमध्येही १८७५ च्या कायद्यानंतर न्यायालये गिऱ्हाइकाने मागितलेल्या प्रतीचा माल त्याला मिळाला की नाही एवढेच पाहू लागली.

अंतःकरण आणि कायदा

येथे आपल्यासारख्या श्रद्धावंतांना थोडे थबकावे लागते. कारण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्याला शिकवले गेले आहे की गंभीर पाप घडण्यासाठी तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर असावी लागते, ती चूक आहे याची पूर्ण जाणीव असावी लागते आणि मनाची पूर्ण संमती असावी लागते. जाणीवच नसेल तर गंभीर पाप कसे? मग ज्याला काही ठाऊकच नव्हते अशा दूधवाल्याला शिक्षा करणारा कायदा अन्यायी नाही का?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. आम्हाला वाटते, कायदा आणि कुमसार या दोन ठिकाणी दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. कुमसाराला विचारले जाते की तुझे मन कसे होते. दुधाचा कायदा विचारतो की पाहण्याची जबाबदारी कोणाची होती. आईच्या हातात दुधाची गुणवत्ता तपासण्याचे साधन नाही, मुलाच्या हातात तर काहीच नाही. ज्याच्या हातात गाय आहे, कॅन आहे, माप आहे, त्यालाच पाहता येते. तेव्हा न पाहण्याची किंमत त्याने मोजावी, बाळाने नव्हे, एवढेच कायद्याचे म्हणणे.

आणि नीट पाहिले तर आपली नीतिशिकवण याच्या विरोधात नाही. तिने अज्ञानाचे दोन प्रकार फार पूर्वीच वेगळे केले आहेत. एक अज्ञान असे की कितीही प्रयत्न केला तरी दूर झाले नसते. त्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे अज्ञान असे की साधी चौकशी केली असती तर दूर झाले असते, पण आपण चौकशी केली नाही. कधी आळसामुळे, कधी घाईमुळे आणि कधी, खरे सांगायचे तर, उत्तर काय येईल याची मनात धाकधूक असल्यामुळे! हे दुसरे अज्ञान आपल्याला झाकून ठेवत नाही. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या चुकांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. न्यूयॉर्कचे ते नगरसेवक गोठ्यापर्यंत गेले होते. गाय त्यांच्यासमोर उभी होती. त्यांचे अज्ञान पहिल्या प्रकारचे होते असे कोण म्हणेल? आमोस संदेष्ट्याने खोटी मापे वापरणाऱ्यांना आणि धान्याचा कचरा गरिबांना विकणाऱ्यांना सुनावले, तेव्हाही बाजारातील इतर सर्वजण ते पाहतच होते.

लहान माशाची बाजू

मात्र दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे एकांगी होईल. ‘ठाऊक नव्हते’ हे ऐकूनच घ्यायचे नाही असे एकदा ठरले की त्या जाळ्यात मोठ्यांपेक्षा लहानच अधिक अडकतात. भट्टीच्या मालकाला वकील मिळतो, सायकलला कॅन लावून फिरणाऱ्याला मिळत नाही.

आपल्या देशात मुंबई इलाख्यात १९२५ साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला होता. पुढे १९५४ चा केंद्रीय कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्यातही विक्रेत्याचे निव्वळ अज्ञान हा बचाव मानला जात नसे. हेतू चांगला होता. पण दुधात स्निग्धांश किंचित कमी भरला म्हणून लहानसहान दूधविक्रेत्यांवर भरलेले खटले वर्षानुवर्षे चालले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दूध काही कारखान्यात साच्यातून निघत नाही. जनावराची जात, चारा, वेत, ऋतू यांप्रमाणे ते कमीजास्त दाट होते. लॅक्टोमीटर दुधात बुडवला की पाणी पकडले जाते असे आपण मानतो. पण साय काढली की दूध जड होते आणि पाणी घातले की हलके होते. दोन्ही केले तर लॅक्टोमीटर बरोबर आकडा दाखवतो! म्हणजे हुशार लबाड सुटतो आणि उन्हाळ्यात ज्याच्या गायीचे दूध आपसूक पातळ झाले तो भोळा अडकतो, असेही घडू शकते.

म्हणून २००६ चा अन्नसुरक्षा कायदा, जो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दर्जात कमी पडलेले अन्न वेगळे आणि आरोग्याला घातक अन्न वेगळे. पहिल्याला दंड, दुसऱ्याला तुरुंगवासही. आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. या कायद्यात “मला प्रामाणिकपणे तसे वाटले होते” हा बचाव चालत नाही. पण “मी शक्य ती सारी काळजी घेतली होती” हे सिद्ध करता आले तर तो बचाव चालतो. नीतिशास्त्राने अज्ञानाचे जे दोन प्रकार सांगितले त्यांच्याशी हे किती जुळते पाहा!

भीतीचा प्रामाणिकपणा

काहीजण म्हणतील, कायद्याच्या धाकाने माणूस प्रामाणिक होत नाही, फक्त घाबरतो. मन बदलले पाहिजे. हे खरेच आहे. पण मन बदलेपर्यंत मुलाने काय प्यायचे?

१८९३ साली न्यूयॉर्कमध्येच नेथन स्ट्राउस या ज्यू व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशाने पाश्चरीकरण केलेल्या दुधाची केंद्रे उघडली. गरिबांना तेथे स्वस्तात, आणि ज्यांना परवडत नसेल त्यांना फुकट दूध मिळे. तेव्हा काही विद्वान डॉक्टरांनीही आक्षेप घेतला की दूध तापवून जंतू मारले तर गवळी निष्काळजी होतील, घाण झाकली जाईल. गोठाच स्वच्छ करायला हवा. तत्त्वतः त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण स्ट्राउस यांना आजची मुले आज वाचवायची होती. १९०८ साली शिकागो शहराने दुधाच्या पाश्चरीकरणाचा नियम केला आणि हळूहळू इतर शहरांनीही तोच मार्ग धरला. गोठ्याची स्वच्छता आणि पाश्चरीकरण, दोन्ही लागतात हे नंतर सर्वांनाच पटले.

तसेच कायदा आणि सदसद्विवेकबुद्धी यांचे आहे. इन्स्पेक्टरला भिऊन जो पाणी घालत नाही तो अजून सद्गुणी झाला नसेल. पण त्याचे गिऱ्हाईक आज सुरक्षित आहे. आणि रोज पाणी न घालता दूध विकण्याची सवय लागली की कधीतरी भीती जाऊन सवय उरते, आणि सवयीतूनच स्वभाव घडतो.

आपल्या दारी

हे सारे दूरच्या देशातले, जुन्या काळातले, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. २०११ साली देशात दुधाचे १,७९१ नमुने तपासले गेले, तेव्हा सुमारे ६८ टक्के नमुने ठरलेल्या दर्जात बसले नाहीत. मुख्य दोष होता पाण्याचा. २०१८ च्या मोठ्या पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी सुमारे ९३ टक्के पिण्यास सुरक्षित ठरले आणि उघड भेसळ फक्त १२ नमुन्यांत आढळली. वाचून बरे वाटले. पण जे नमुने असुरक्षित ठरले त्यांतील मोठा भाग ॲफ्लाटॉक्सिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे आणि काही जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांमुळे.

हे ॲफ्लाटॉक्सिन कोणी दुधात मिसळत नाही. पेंड किंवा मका ओलसर जागी राहिला की त्याला बुरशी लागते. ते जनावराच्या पोटात जाते आणि तेथून दुधात उतरते. दूध उकळूनही ते जात नाही. येथे कोणी लबाड नाही. कोणी खडू घातलेला नाही, पाणी ओतलेले नाही. फक्त कोणीतरी बुरशी आलेली पेंड पाहिली आणि म्हटले, “जनावराला काय होते?” दीडशे वर्षांनंतर आपण पुन्हा गव्हाणीपाशीच आलो. गाय जे खाते ते बाळ पिते.

म्हणून ज्यांच्या दारात अजून गाय-म्हैस आहे त्यांना आमची विनंती आहे की बुरशीची पेंड उकिरड्यावर टाका, तिचा मोह धरू नका. जनावराला इंजेक्शन दिले तर किती दिवसांचे दूध विकायचे नाही हे डॉक्टरांना विचारून घ्या. पण केवळ दूधवाल्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होणार नाही. आपल्यातील कितीतरी भगिनी घरी केक, लोणची, मसाले करून विकतात. आपले तरुण लग्नाचे केटरिंग घेतात. धर्मग्रामाच्या सणाला आपण स्टॉल लावतो. तेल कितव्यांदा तापले, पाणी कोठले, उरलेले मटण कालचे की आजचे, हे खाणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असते, किंवा ठाऊक करून घेता येते.

आणि आपण जे विकत घेतो, त्यांनीही स्वतःला विचारावे. बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळाले की आपण आनंदाने पिशवी भरतो. इतके स्वस्त कसे, हे विचारत नाही. ज्याला लिटरमागे चार पैसे कमी देऊन आपण घासाघीस करतो, त्याने ते चार पैसे कोठून काढावेत अशी आपली अपेक्षा असते? न्यूयॉर्कची ती गरीब आई नाइलाजाने स्वस्त दूध घेत होती. आपल्यातील अनेकांवर तशी वेळ नाही.

न्यूयॉर्कच्या त्या बावीस वर्षांत कोणी एक राक्षस हिंडत नव्हता. तेथे होते ते फक्त न विचारणारे लोक, आपापल्या कामात, आपापल्या घाईत. त्यांच्यात एक हार्टली निघाला, कारण तो भट्टी पाहायला गेला आणि शेजारचे दार उघडून आत डोकावला. उद्या सकाळी दूध तापेपर्यंत जी दोन मिनिटे शेगडीजवळ उभे राहायचे आहे, तेवढ्या वेळात आपणही स्वतःला विचारू या की आपण कोणते दार उघडायचे टाळत आहोत.